आभासी संगणकातील लिनक्स प्रणाली : दोषनिदानाचा इतिहास

एका प्रत्यक्ष संगणकावर खास आज्ञावलीच्या साहाय्याने निर्माण केलेल्या आणि स्वतंत्र संगणकाप्रमाणे वागणाऱ्या व्यवस्थेस आभासी संगणक म्हणतात. त्यास स्वतःचा प्रोसेसर, स्मृती, तबकडी, नेटवर्क कार्ड इ. भाग असल्याचे भासते. वस्तुतः हे सर्व भाग प्रत्यक्ष संगणकाच्या साधनांतून वाटून दिलेले असतात. प्रत्यक्ष संगणकास यजमान, आभासी संगणकात चालणाऱ्या प्रचालन प्रणालीस अतिथी आणि दोहोंमधील वाटप करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर वा अधिनियंत्रक अशा संज्ञा आहेत. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली २००० नंतर अतिथी म्हणून फार मोठ्या प्रमाणावर वापरात आली व तिच्यातील दोषांचे निदान हे संगणक-व्यवस्थापनाचे एक स्वतंत्र अंग बनले.

अतिथी प्रणालीतील बरेच दोष आभासाच्या अपूर्णतेतून उद्‌भवतात. आपण खऱ्या संगणकावर चालत आहोत असे अतिथी गृहीत धरतो. यजमान जेथे हे गृहीतक पूर्णपणे सांभाळू शकत नाही, तेथे घड्याळ चुकते, तबकडी सापडत नाही किंवा लिहिलेली माहिती नाहीशी होते. अशा वेळी अतिथी जी तक्रार नोंदवितो ती लक्षणापुरती खरी असते; परंतु तीत सांगितलेले कारण पुष्कळदा चुकीचे असते, कारण खरे कारण त्याच्या दृष्टीच्या पलीकडे यजमानात असते. यामुळे दोषनिदानाचा इतिहास हा मुख्यतः अतिथीस आपल्या खऱ्या स्थितीची जाणीव क्रमाक्रमाने करून देण्याचा इतिहास आहे.

प्रारंभ : आभासी संगणकाची कल्पना लिनक्सपेक्षा सु. पाव शतकाने जुनी आहे. आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये या कामास आरंभ केला. त्यातून सिद्ध झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या प्रारंभी वापरात आली. सिस्टिम/३६० मालिकेतील एका सुधारित संगणकावर ती एकाच वेळी १४ आभासी संगणक चालवीत असे. तिच्यापासून सीपी-६७ ही प्रणाली व पुढे ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झालेली व्हीएम/३७० ही प्रणाली विकसित झाली.

या प्रणालींचा एक महत्त्वाचा उपयोग दोषशोधनासाठीच होत असे. नवीन प्रचालन प्रणालीची चाचणी खऱ्या संगणकावर घ्यावयाची तर तो संपूर्ण संगणक इतरांच्या कामातून काढून घ्यावा लागे. आभासी संगणकात मात्र चाचणीतील प्रणाली कोसळली तरी शेजारच्या वापरकर्त्यांचे काम अबाधित राहत असे व कोसळलेल्या प्रणालीची स्मृती बाहेरून तपासता येत असे. त्याच काळात आभासाच्या मर्यादाही दिसून आल्या. ओएस/व्हीएस१ ही प्रणाली स्वतः स्मृतीची पृष्ठे तबकडीवर नेत-आणत असे आणि तिचा यजमानही तेच करीत असे. एकच काम दोनदा होऊन वेग घटत असे. यावर उपाय म्हणून यजमान व अतिथी यांच्यात संकेतांची देवघेव सुरू करण्यात आली. तीस ‘हस्तांदोलन’ असे नाव मिळाले. अतिथीस सत्य सांगितल्याने दोष कमी होतात, या तत्त्वाचे हे आरंभीचे एक उदाहरण होय.

१९७४ मध्ये जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासीकरणास अनुकूल अशा संगणकरचनेची अट सूत्ररूपाने मांडली. संगणकाच्या नियंत्रणाशी संबंध असलेला प्रत्येक आदेश सामान्य आज्ञावलीने वापरताच अधिनियंत्रकास त्याची वर्दी मिळाली पाहिजे, असे तिचे थोडक्यात सार आहे. एकही आदेश वर्दी न देता निसटला, तर आभासास तडा जातो.

वैयक्तिक संगणकावरील आभासीकरण : इंटेल कंपनीची एक्स-८६ ही प्रोसेसररचना वरील अटीत बसत नव्हती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरमधील असे १७ आदेश दाखवून देण्यात आले. उदा., प्रोसेसरची स्थितिदर्शक चिन्हे बदलणारा एक आदेश कमी अधिकाराच्या पातळीवर वापरला असता व्यत्यय-संकेत रोखण्याचा त्यातील भाग निमूटपणे वगळला जातो; चूकही नोंदली जात नाही आणि अपेक्षित कामही होत नाही. अशा मूक अपयशाचा शोध घेणे फार कठीण असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेंडल रोझेनब्लम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डिस्को या प्रायोगिक अधिनियंत्रकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९९८ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली. तिच्या १९९९ मधील पहिल्या उत्पादनात अतिथीचे अडचणीचे आदेश चालू असतानाच सुरक्षित आदेशांत रूपांतरित करण्याची पद्धत वापरलेली होती. त्यामुळे सामान्य टेबल-संगणकावर लिनक्स व विंडोज या प्रणाली एकमेकींच्या आत चालविणे शक्य झाले. २००३ मध्ये फ्रान्सच्या फाब्रीस बेलार यांनी क्यूएमू हे अनुकरणकारी साधन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात झेन हा अधिनियंत्रक पुढे आला. झेनमध्ये अतिथीपासून काही लपविण्याऐवजी त्याच्या गाभ्यातच बदल करण्यात आले व तो अधिनियंत्रकास उघडपणे विनंती करू लागला. लिनक्सचा मूळ आज्ञासंच सर्वांस खुला असल्यामुळेच हे शक्य झाले.

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने व मे २००६ मध्ये एएमडी या कंपनीने आपल्या प्रोसेसरांत आभासीकरणाची यांत्रिक सोय केली. तिच्या आधारे अवी किव्हिटी यांनी लिहिलेला केव्हीएम हा अधिनियंत्रक फेब्रुवारी २००७ मधील लिनक्स २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाला. जानेवारी २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीचे व्हर्च्युअलबॉक्सही खुले झाले. या यांत्रिक सोयीबरोबर एक नवा दोषही आला. संगणकाच्या आरंभिक मांडणीत ती सोय बंद ठेवलेली असल्यास किंवा यजमानावरील दुसऱ्या अधिनियंत्रकाने ती आधीच व्यापलेली असल्यास, ६४-बिट लिनक्स सुरू होताना प्रोसेसर जुन्या ३२-बिट जातीचा असल्याची तक्रार करून थांबते. प्रोसेसर नवाच असतो. अतिथीस दाखविलेले त्याचे रूप मात्र जुने असते.

काळमापनातील दोष : लिनक्स अतिथींच्या दोषांत घड्याळाचा दोष सर्वांत बोधप्रद आहे. जुन्या लिनक्समध्ये काळ हा घड्याळाच्या व्यत्यय-संकेतांवरून, म्हणजे ठोक्यांवरून, मोजला जात असे. एक्स-८६ संगणकांवर २.४ या मालिकेपर्यंत सेकंदास १०० ठोके पडत. डिसेंबर २००३ मधील २.६ मध्ये ही संख्या १,००० करण्यात आली. प्रत्यक्ष संगणकावर त्यामुळे प्रतिसाद सुधारला. आभासी संगणकात मात्र अतिथीस प्रोसेसर सतत मिळत नसतो. तो थांबलेला असताना त्याचे ठोके हुकत व घड्याळ मागे पडे. यजमान साठलेले ठोके नंतर एकदम देऊ लागला, तर अतिथी आपल्या बाजूनेही हुकलेल्या ठोक्यांची भरपाई करी. मग तोच काळ दोनदा मोजला जाऊन घड्याळ पुढे धावत असे.

अशा वेळी अतिथीच्या नोंदवहीत पुष्कळ ठोके हुकल्याचा इशारा उमटे आणि एखादी ड्रायव्हर आज्ञावली व्यत्यय-संकेत अडवून धरीत असावी, असा तर्कही त्यात केलेला असे. प्रत्यक्ष संगणकाच्या दृष्टीने हा तर्क योग्य होता. परंतु आभासी संगणकात त्यामुळे व्यवस्थापक निर्दोष ड्रायव्हरच्या मागे लागत. घड्याळ चुकल्याचे परिणाम दूरवर होत. फाइलींच्या वेळा उलटसुलट होऊन आज्ञावलींची बांधणी चुके आणि कर्बरॉस या ओळख-पडताळणीच्या पद्धतीत सामान्यतः पाच मिनिटांहून अधिक फरक पडताच वापरकर्त्यास प्रवेश नाकारला जाई. नेटवर्कवरून घड्याळ जुळविणारी सेवा व यजमानाकडून जुळवून घेणारे साधन ही दोन्ही एकाच वेळी चालू ठेवल्यास ती परस्परांची दुरुस्ती उलटवीत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आय. बी. एम.च्या मोठ्या संगणकांवर दिसून आली. तेथे २००० च्या सुमारास एकाच यंत्रावर शेकडो लिनक्स अतिथी चालविण्यास प्रारंभ झाला. रिकामा बसलेला अतिथीही सेकंदास १०० वेळा जागा होत असल्याने एक हजार अतिथींसाठी यजमानास सेकंदास एक लक्ष निरर्थक ठोके द्यावे लागत. २००१ मध्ये मार्टिन श्विडेफ्स्की यांनी काम नसताना ठोके बंद ठेवण्याची सुधारणा मांडली. एक्स-८६ साठी तशीच सोय एप्रिल २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीपासून मिळू लागली. तत्पूर्वी २००५ मध्ये ठोक्यांची संख्या निवडण्याची मुभा देऊन नेहमीचे प्रमाण २५० वर आणण्यात आले होते. पुढे केव्हीएमच्या अतिथींसाठी खास घड्याळ तयार झाले. त्यात यजमान स्मृतीच्या एका सामायिक पृष्ठावर काळ नोंदवितो व अतिथी तो वाचून घेतो. ठोके मोजण्याची गरजच न उरल्याने हा दोष बव्हंशी नाहीसा झाला.

हिरावलेल्या काळाची नोंद ही यातील आणखी एक पायरी होय. अतिथी काम करण्यास तयार असूनही यजमानाने प्रोसेसर दुसऱ्यास दिला, तर तेवढा काळ मार्च २००५ मधील २.६.११ या आवृत्तीपासून वेगळा दाखविण्याची सोय झाली. हा आकडा मोठा असल्यास मंदपणाचे कारण यजमानावरील गर्दीत शोधावे लागते. अतिथीतील आज्ञावली सुधारून उपयोग होत नाही. मात्र हा आकडा अधिनियंत्रकाने पुरविला तरच दिसतो, म्हणून तो शून्य असणे हा गर्दी नसल्याचा निर्णायक पुरावा नव्हे. अतिथी बराच वेळ थांबवून पुन्हा चालू केल्यास प्रोसेसर अडकून पडल्याचा इशारा लिनक्स देते, तोही याच वर्गातील होय. २०१२ पासून केव्हीएमचा यजमान थांबवणुकीची सूचना अतिथीस देऊ शकतो व खोटा इशारा टळतो.

तबकडी व साठवण : आभासी तबकडीचे नाव तिच्या अनुकरणाच्या प्रकारावर अवलंबून असते. तीच तबकडी एका अधिनियंत्रकात एचडीए, दुसऱ्यात एसडीए व तिसऱ्यात व्हीडीए म्हणून दिसू शकते. त्यामुळे अतिथी एका अधिनियंत्रकाकडून दुसऱ्याकडे नेल्यावर मूळ फाइलप्रणाली सापडली नाही, अशी तक्रार करून तो सुरू होतानाच थांबतो. तबकडीचा उल्लेख नावाऐवजी फाइलप्रणालीच्या अनन्य क्रमांकाने करणे हा त्यावरील रूढ उपाय आहे. तरीही दोष राहिल्यास प्रारंभीच्या लघु फाइलसंचात नव्या तबकडीची ड्रायव्हर आज्ञावली नसणे, हे कारण संभवते. हा संच पुष्कळदा ज्या यंत्रावर तयार झाला तेवढ्यापुरताच बेतलेला असतो. स्थलांतरापूर्वी तो व्यापक करून घेणे श्रेयस्कर असते.

प्रत्येक अधिनियंत्रकासाठी वेगळी ड्रायव्हर आज्ञावली लिहिण्याचा खटाटोप कमी करण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी व्हर्टिओ ही समान पद्धती मांडली व ती जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत आली. खऱ्या यंत्राची नक्कल सोडून आपण आभासी आहोत हे मान्य करणारे उपकरण, असे तिचे स्वरूप आहे. मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये आपल्या हायपर-व्ही या अधिनियंत्रकासाठीच्या ड्रायव्हर आज्ञावली लिनक्सला दिल्या. त्यापूर्वी ही साधने अतिथीत वेगळी बसवावी लागत व लिनक्सचा गाभा अद्ययावत करताच ती निकामी होत. पडदा लहान आकारात अडकणे, सामायिक फोल्डर नाहीसे होणे, माऊस नीट न चालणे ही त्याची लक्षणे होत. गाभ्याचे शीर्षसंच व संकलक बसवून ती नव्याने बांधणे हा उपाय असे. व्हर्च्युअलबॉक्ससाठी लागणारा मुख्य भाग २०१८ मध्ये आणि सामायिक फोल्डरचा भाग २०२० मध्ये लिनक्सच्या मूळ आज्ञासंचात सामील झाल्यावर हा त्रास कमी झाला.

साठवणीतील दोष सर्वांत हानिकारक ठरतात. यजमानाच्या साठवण-यंत्रणेत मार्ग बदलताना काही काळ खंड पडला, तर अतिथीची प्रतीक्षामर्यादा, जी सामान्यतः ३० सेकंद असते, उलटून जाते. मग लिनक्स तबकडी नादुरुस्त समजून फाइलप्रणाली केवळ वाचनीय करते. यजमानावर सर्व काही पूर्ववत झाले तरी अतिथी लिहिण्यास नकार देत राहतो. म्हणून व्हीएमवेअरच्या अतिथी-साधनांत ही मर्यादा १८० सेकंद करण्यात आली. याउलट काही दोष मुळीच तक्रार न करता घडतात. माहिती तबकडीवर पक्की लिहावी ही अतिथीची आज्ञा वेगासाठी यजमानावर दुर्लक्षिली जात असल्यास, वीज जाईपर्यंत कशाचाही पत्ता लागत नाही. त्यानंतर मात्र नोंद पूर्ण झाल्याचे आश्वासन मिळालेली माहिती गहाळ असते. येथे अतिथी निर्दोष असून त्याच्या नोंदवहीत पुरावाही सापडत नाही.

प्रतिकृती व ओळख : आभासी संगणकाची हुबेहूब प्रतिकृती काढता येते, परंतु प्रत्येक संगणकाची ओळख अनन्य असावी लागते. २०१३ पूर्वीच्या अनेक लिनक्स प्रणालींत नेटवर्क कार्डाचा पत्ता एका नियमफाइलीत नोंदलेला असे. प्रतिकृतीस नवा पत्ता मिळाल्याने तिचे कार्ड दुसऱ्या क्रमांकाचे ठरे व नेटवर्क बंद पडे. ती नियमफाइल काढून टाकून प्रणाली पुन्हा सुरू केली की काम भागे. पुढील काळात यंत्र-ओळखीची फाइल तशीच राहिल्याने दोन प्रतिकृतींनी एकच नेटवर्क पत्ता घेतल्याची उदाहरणे आढळली.

संरक्षणाच्या दृष्टीने क्षणचित्रांचा दोष अधिक गंभीर आहे. क्षणचित्र म्हणजे अतिथीची एका क्षणाची संपूर्ण जतन केलेली स्थिती. टॉमस रिस्टेनपार्ट व स्कॉट यिलेक यांनी २०१० मध्ये असे दाखविले की, एकाच क्षणचित्रापासून अतिथी दोनदा सुरू केल्यास यादृच्छिक संख्या त्याच पुन्हा निर्माण होऊ शकतात आणि त्यामुळे गुप्त किल्ल्या उघड होण्याचा धोका असतो. आपण भूतकाळात परत नेले गेलो आहोत, हे अतिथीस कळण्यास मार्ग नव्हता. मे २०२२ मधील लिनक्स ५.१८ या आवृत्तीत यजमानाकडून मिळणारा पिढी-क्रमांक बदलताच यादृच्छिक संख्यांचा साठा नव्याने मिसळण्याची सोय करण्यात आली.

निदानपद्धती : या अनुभवांतून निदानाचा एक क्रम रूढ झाला आहे. प्रथम दोष एका अतिथीत आहे की त्याच यजमानावरील अनेकांत आहे हे पाहतात. अनेकांत असल्यास कारण बहुधा यजमानात असते. नंतर अतिथी कोणत्या अधिनियंत्रकावर चालत आहे व त्याला कोणती उपकरणे दिसतात हे तपासतात. प्रोसेसर स्वतःविषयी देत असलेल्या माहितीत अधिनियंत्रक आपली खूण ठेवतो, ती लिनक्सला वाचता येते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे अतिथी व यजमान या दोहोंच्या नोंदवह्या वेळ जुळवून शेजारी शेजारी वाचणे. घड्याळातील फरक आधी मोजून घेतला नाही, तर ही जुळवणी दिशाभूल करते.

अतिथी सुरूच होत नसल्यास त्याचे संदेश आभासी क्रमिक जोडणीवरून यजमानावरील फाइलीत उतरवून घेतात; पडद्यावरून निघून गेलेला शेवटचा संदेशही त्यामुळे हाती लागतो. बंद अतिथीची तबकडी दुसऱ्या अतिथीस जोडूनही दुरुस्ती करता येते. २००९ पासून विकसित झालेला लिबगेस्टएफएस हा साधनसंच याच कामासाठी आहे. मात्र चालू अतिथीची तबकडी अशा रीतीने लेखनासाठी जोडल्यास फाइलप्रणालीचा नाश होतो. दुरुस्तीपूर्वी क्षणचित्र घेणे उपयुक्त असले, तरी ते राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. जुनी क्षणचित्रे वाढत जाऊन यजमानाची तबकडी भरली, तर तीवरील इतर अतिथीही थांबतात आणि एका अतिथीच्या दुरुस्तीतून सर्वांचा खोळंबा होतो.

अलीकडील स्थिती : ॲमेझॉनच्या मेघसेवेने २०१८ मध्ये खुला केलेला फायरक्रॅकर हा केव्हीएमवर आधारित अधिनियंत्रक अगदी थोडी व्हर्टिओ उपकरणे दाखवितो, जुन्या यंत्रांची नक्कल वगळल्याने दोषाच्या जागाही घटल्या आहेत. याच सुमारास विरुद्ध दिशेचा एक प्रवाहही सुरू झाला. एएमडी व इंटेल यांच्या नव्या प्रोसेसरांत अतिथीची स्मृती संकेतबद्ध ठेवून यजमानासही ती वाचता येणार नाही, अशी तजवीज आहे. इंटेलच्या व एएमडीच्या सुधारित पद्धतीत अतिथी म्हणून चालण्याची सोय २०२२ मधील लिनक्स ५.१९ या आवृत्तीत आली. दुसऱ्याच्या यंत्रावर आपली गोपनीय माहिती ठेवणाऱ्यास हे संरक्षण आवश्यक आहे. परंतु कोसळलेल्या प्रणालीची स्मृती बाहेरून तपासण्याची सीपी-४० च्या काळापासूनची सोय त्यामुळे मर्यादित होते. यजमानाने अतिथीस किती सांगावे, हा आजवरचा प्रश्न होता. अतिथीने यजमानास किती पाहू द्यावे, हा प्रश्न आता त्याच्या जोडीस आला आहे.